बोर्डाच्या कागदावरचा कारणाचा रकाना

सेवामुक्त जवानाच्या पत्र्याच्या पेटीतून डिस्चार्ज बुक म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका निघते, कापडात गुंडाळलेली पदके निघतात आणि अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारल्याचे घडी पडलेले पत्रही निघते. आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, एवढेच त्या पत्रात असते. असे कोणी आणि कशावरून ठरवले, हे सांगणारा मेडिकल बोर्डाचा, म्हणजे तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, कागद मात्र पेटीत सापडत नाही. खरे तर घरी परतणाऱ्या जवानाच्या हाती ही प्रत न मागता पडायला हवी.

आजाराचे निदान, तो प्रथम कधी आणि कुठे जाणवला, अपंगत्वाची टक्केवारी आणि सेवेशी त्याचा संबंध, याविषयी डॉक्टरांचे मत त्या कागदावर असते. मतापुढे कारण लिहायचे असते आणि दाव्याचा सारा जीव त्या कारणात असतो.

१९८५ साली भरती झालेले शिपाई धरमवीर सिंह यांना सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर, झटके येण्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व ठरवून सेवामुक्त करण्यात आले आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच जडला असे सामान्यतः मानावे लागते, बोर्डाला तसे वाटत नसेल तर त्याने कारणे द्यायला हवीत आणि सिद्ध करण्याचा भार जवानावर नसतो, असे त्या निकालात स्पष्ट झाले. म्हणूनच भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवालही बोर्डाच्या कागदाइतकाच मोलाचा ठरतो.

हे कागद मागायचे ते आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानासाठी ते बेळगावी आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर यावे लागते. ‘माझी फाइल द्यावी’ असे मोघम न लिहिता, आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख देऊन भरतीचा वैद्यकीय अहवाल, लष्करी रुग्णालयातील उपचारांचे कागद, बोर्डाची संपूर्ण कार्यवाही आणि नकाराचा आदेश असे एकेक नाव घेऊन मागावे.

पाकीट आले की सर्वांत आधी कारणाचा रकाना वाचावा. तो कोरा असेल किंवा तिथे नकाराचेच वाक्य पुन्हा उतरवलेले असेल, तर अपिलात आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे बोट ठेवायची जागा तीच असते.