नदीत नको, नदीशेजारी

या, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. कोलाडला राफ्टिंग केलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. अरे वा, निम्मा हॉल! म्हणजे मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत येतं आणि ते सुटलं तरच राफ्ट निघते, हे मी सांगायला नको, तुम्ही काठावर ताटकळून शिकलायत.

त्याच कुंडलिकेच्या काठाने व्हाईटवॉटर पार्क, म्हणजे मुद्दाम खळाळत्या केलेल्या पाण्यात बोटी चालवायची जागा, व्हावं, पण पात्रात काँक्रीट न ओतता, शेजारून कालवा काढून, एवढंच मला सांगायचंय. त्यासाठी आधी जर्मनीत जाऊ.

१९७२ म्युनिक ऑलिम्पिक. कनू स्लालम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटमधून, छोटी बोट काढायची शर्यत, पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये. तोवर हा खेळ बहुतेक खऱ्या नद्यांवर चालायचा, म्हणजे यंदा पाणी कमी, पुढच्या वर्षी पुरात धोंडाच हललेला. आउग्सबुर्ग गावाला लेश नदीवर एक जुना बंधारा आहे, होखअब्लास. नदीतून वाहत येणारा बर्फ बाजूला काढायला तिथून एक वाट काढलेली होती, आइसकनाल. त्या वाटेवर त्यांनी काँक्रीटचा कोर्स बांधला, आत काँक्रीटचेच अडथळे, पाणी नदीचं, पंपबिंप काही नाही. खेळाडू करतो काय, तर अडथळ्यामागे जिथे पाणी उलटं फिरतं तिथे बोटीचं नाक खुपसतो, बोट गर्रकन वळते आणि तो लाल गेटमधून प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतो, खांबाला नुसता खांदा लागला तरी दोन सेकंदांचा दंड.

आता पूर्व जर्मनीवाल्यांचं डोकं बघा. त्यांनी विचार केला, भिंती ठरलेल्या, उतार ठरलेला, पाणी ठरलेलं, मग हे आपल्याकडेही बांधता येईल की! तो कोर्स अभ्यासून त्यांनी आपल्या त्स्विकाऊ गावात हुबेहूब नक्कल बांधली, गुपचूप सराव केला, आणि पश्चिम जर्मनांच्या अंगणात येऊन चारपैकी चार सुवर्णपदकं घेऊन गेले. चारपैकी चार! (टाळ्या) टाळ्या वाजवा, पण यातलं इंजिनिअरिंग सोडू नका. लाट नशिबाने येत नाही. तळाचा उतार, भिंतींमधलं अंतर आणि विसर्ग जमला की लाट सांगाल तिथे उभी राहते. त्याच आइसकनालवर २०२२ मध्ये जागतिक स्पर्धा झाली, म्हणजे पन्नास वर्षांनी!

हे सगळं घेऊन मी एका ऑफिसात गेलो होतो. साहेबांनी नकाशा उलगडलाही नाही, पहिला प्रश्न, "यात कारंजी कुठेयत?" पार्क म्हणजे कारंजं, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट. नदीकाठाचं काही काढलं की भिंत घालायची आणि वर रेलिंग लावायचं, म्हणजे नदी बघायची पण पायसुद्धा बुडवायचा नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण आपल्याकडे पोरांना वाहतं पाणी वाचायला कोणी शिकवतच नाही आणि मग दर पावसाळ्यात बंधाऱ्याखाली कुणी ना कुणी बुडतं. भिंतीवरून सरळ पडलेलं पाणी खाली उलटं फिरून भिंतीकडेच येतं, त्यात लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा अडकून राहतो. हे शिकवायची जागा म्हणजे असा कालवा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, भराभर सांगतो.

पंप का नको? लंडनच्या २०१२ च्या कोर्सवर सेकंदाला १३ घनमीटर पाणी साडेपाच मीटर उचलतात, नुसत्या गणितानेच ७०० किलोवॅट झाले, पंपातलं नुकसान वेगळं. कुंडलिकेत पाणी आधीच उंचावरून आलंय, उतार आपल्याला फुकट मिळतो. पात्रात का नको? मासे वर-खाली जायची वाट तुटते, आणि कोकणातला पूर पहिल्या पावसाळ्यात सगळं बांधकाम घेऊन जाईल. शेजारच्या कालव्याचं तोंड पुराच्या वेळी बंद करता येतं, आणि आत कुणी अडकलं तर तोंडाशी असलेलं दार पाडून पाणी तोडता येतं, नदीला तसं थांब म्हणता येत नाही.

राहिलं वेळापत्रक. पाणी वीजवाल्यांचं, वेळ त्यांची. अमेरिकेत टेनेसीत ओकोई नदीवर हेच भांडण झालं. तिथे पाणी वीजघराकडे वळवलेलं, नदीत सोडलं की तेवढी वीज बुडणार. शेवटी बुडणाऱ्या विजेची भरपाई देऊन राफ्टिंगसाठी ठरावीक दिवशी पाणी सोडायचं ठरलं, आणि ते पैसे राफ्टिंगवाल्यांकडून फीच्या रूपात वसूल केले. पुढे १९९६ चं ऑलिम्पिक स्लालम त्याच नदीवर झालं. आपल्याकडे तर पाणी वीज करूनच खाली येतं, त्यामुळे वीज बुडवायचीही गरज नाही, नुसत्या वेळा लेखी हव्यात. तेव्हा आधी करार, मग टेंडर, आणि गाइड-रेस्क्यूच्या नोकऱ्या काठावरच्या गावातल्या पोरांना, हेही करारातच. कालव्याचा नकाशा बाहेर टेबलावर ठेवलाय, पेन्सिल पण ठेवलीये, जिथे पटत नाही तिथे खुणा करा.