मी जातो, मी जाते

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांचं पोर बोलायला लागतं. दिवसभर आईजवळ, आजीजवळ असलेला मुलगा त्यांचंच ऐकून म्हणतो, "मी जाते." घरातले हसतात आणि लगेच सुधारतात, "जाते नाही रे, जातो म्हण." आपली भाषाच अशी, की साधं कुठे जायचं म्हटलं तरी आधी आपण मुलगा की मुलगी हे ठरवावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखतात. पण केस वाढवले, फ्रॉक घातला म्हणून ते बदलत नाही, ही समज पक्की व्हायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल बाहेरच्या खुणा घट्ट धरून ठेवतं. चार वर्षांचा मुलगा गुलाबी वाटीत जेवायला नकार देतो तो याच वयात. त्याला चिडवू नका. "वाटी सगळ्यांची आहे" म्हणा आणि वरण वाढा.

व्याकरणाने कुणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते पुढच्या बोलण्याने. मुलीला लाडाने आपण सहज म्हणतो, "आलास का रे बाळा?" मुलाला लाडाने "आलीस का गं" म्हणणारं घर शोधून सापडणार नाही. धीट मुलगी "अगदी मुलासारखी", हळवा मुलगा "बायकी". पहिली शाबासकी, दुसरी शिवी. यातली वरची बाजू कोणती, हे पोरांना बरोबर कळतं.

2017 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना एका फार फार हुशार माणसाची गोष्ट सांगायची आणि तो माणूस कोण असेल हे चित्रांतून ओळखायला लावायचं. पाच वर्षांच्या मुली बाईचं चित्र जितक्या वेळा निवडत, तितक्याच वेळा मुलगे पुरुषाचं निवडत. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र बाईला निवडणं कमी झालं. शाळेत चांगले गुण कुणाला मिळतात, असं विचारल्यावर त्याच मुली "मुलींना" म्हणत होत्या. म्हणजे अभ्यास आपला, हुशारी त्यांची. आपल्याकडे "मुली घोकंपट्टी करतात, मुलांचं डोकं चालतं" असं जे सर्रास बोललं जातं, ते बंद करण्याजोगं आहे.

याआधी, 2000 साली, अकरा महिन्यांच्या बाळांवर असाच एक प्रयोग झाला होता. आपलं बाळ किती तीव्र उतारावरून रांगत खाली येईल, याचा अंदाज आयांनी बांधायचा. मुलींच्या आयांनी तो कमी धरला, मुलांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात मुलगे आणि मुली सारखेच उतरले.

हा अंदाज मोठेपणी कुठे पोचतो ते पाहा. देशभरातल्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सुमारे 26 होते.

आपल्या घरचा आकडा काढायला एक वही पुरते. ठाणे-वाशी लोकलने आई-बाबा दोघंही कामाला जातात, अशा घरांनी तर ती जरूर करावी. सात दिवस, घरातल्या प्रत्येकाचं एक पान, केलेलं काम आणि मिनिटं. दूध संपलंय, सिलिंडर नोंदवायचाय, उद्या शाळेत पुठ्ठा न्यायचाय, ही आठवण ठेवण्याची कामंही लिहा. ती कुणाला दिसत नाहीत, म्हणून वाटलीही जात नाहीत. रविवारी वही उघडून एक आख्खं काम मुलाकडे द्या. "आईला मदत" असं नाव मात्र देऊ नका. मदत म्हटली की काम आईचंच राहतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कुकर द्या, पहिले काही दिवस शेजारी उभं राहून. दोन वाट्या तांदूळ दोनदा धुवायचे, डब्यात चार वाट्या पाणी, कुकरच्या तळाशी साधारण दोन वाट्या. तळाचं पाणी विसरलं तर कुकर जळतो, वॉल्व्ह उडू शकतो. म्हणून झाकण लावण्याआधी ते बघायचंच. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

पहिल्या आठवड्यात भात गिचका होईल. ओट्यावर पाणी सांडेल. खरी परीक्षा इथे असते, आणि ती मुलाची नसून मोठ्यांची असते. "राहू दे, मी करते" हे एक वाक्य पुरतं. आपल्याला जमत नाही आणि जमायची गरजही नाही, हे दोन्ही तो एकदम शिकतो. उलट चूकही होते. एकदा भात लावला म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोटो जातात, आणि रोज पोळ्या लाटणाऱ्या बहिणीचं नावही निघत नाही. दोघांना सारखंच बोला, चुकलं तर आणि जमलं तरही.

मुलीच्या बाबतीत उलट्या बाजूने बघायला हवं. नेरूळ, सानपाड्याच्या सेक्टरांतली मैदानं असोत की ठाण्यातली सोसायट्यांची अंगणं, दहा वर्षांपर्यंत दोघंही खेळतात. मग मुली एकेक करून कठड्यावर बसून गप्पा मारायला लागतात. पाळी, कपड्यांवरचे शेरे, "आता मोठी झालीस", आणि नेमकी सात वाजता स्वयंपाकघरातून येणारी हाक. एकटी मुलगी यापुढे टिकत नाही. चार-पाच जणींचा गट करा, सहा ते सात ही वेळ सोसायटीच्या सूचनाफलकावर लावा, आणि त्या तासात हाक मारायचीच असेल तर मुलाला मारा.