एकसष्ट सी की एकसष्ट डी?

(दृश्य : रात्रीचा बसथांबा. फोनची घंटा वाजते.)

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात कामाच्या दिवशी संध्याकाळचे 7 वाजले आणि चौकशी विभागातील माणसे घरी गेली, की बसचे वेळापत्रक विचारणारे फोन 2005 सालच्या मार्चपासून एक संगणक घेऊ लागला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी घडवलेल्या या प्रणालीचे नाव होते 'लेट्स गो'. कोठून निघायचे, कोठे जायचे आणि किती वाजता, एवढे विचारून घ्यावे आणि बसची वेळ सांगावी, हे तिचे काम. हवापाण्याच्या गप्पांची तिच्याकडून अपेक्षा नव्हती.

नेमके एक काम पार पाडणाऱ्या अशा संवादप्रणालींचा साचा मात्र याहून बराच जुना आहे. डॅनियल बॉब्रो, मार्टिन के, टेरी विनोग्राड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली 'गस' या प्रणालीवरचा लेख प्रसिद्ध केला. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तयार झालेली गस विमानप्रवास ठरवण्यास मदत करत असे, आणि तिच्या पोटात प्रत्यक्षात एक फॉर्मच होता : गाव, तारीख, वेळ असे त्याचे रकाने. रकाना रिकामा दिसला, की त्याबद्दल प्रश्न विचारायचा. रेल्वे आरक्षणाचा फॉर्म ज्याने खिडकीपाशी उभे राहून भरला आहे, त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

अडचण अशी, की माणसे रकान्यांच्या क्रमाने बोलत नाहीत. लेखातील नमुना संवादात गस विचारते, की किती वाजता निघायचे आहे; त्यावर प्रवासी सांगतो, की मला सकाळी 10 च्या आत सॅन दिएगोला पोहोचायला हवे. प्रश्न निघण्याचा आणि उत्तर पोहोचण्याचे. समोर माणूस असता, तर त्याला यात काही वावगे वाटले नसते. प्रणालीला मात्र हे उत्तर नेमके कोणत्या रकान्यात टाकायचे, हे आधी शिकवून ठेवावे लागते.

(दृश्य : पिट्सबर्गमधील फोर्ब्स अव्हेन्यू हा रस्ता. एकामागून एक बस येतात.)

गसशी टंकलिखित वाक्यांत बोलायचे असे. 'लेट्स गो'ला ऐकावे लागत होते, आणि तेही थांब्यावर उभ्या असलेल्या, पाठीमागे वाहनांचा गोंगाट असलेल्या माणसाचे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या आवाजावर बऱ्यापैकी चालणारी प्रणाली शहराच्या स्वाधीन होताच कितीतरी जास्त चुकू लागली. त्यात फोर्ब्स अव्हेन्यूवरून 61 ए, 61 बी, 61 सी आणि 61 डी अशा चार बस जात. बी, सी, डी यांचा शेवट एकच. फोनच्या तारेतून पहिला व्यंजनध्वनी पुसट झाला, की उरते ती नुसती 'ई'.

म्हणून खातरजमा करावी लागते. '61 सी, बरोबर?' असे प्रत्येक वेळी विचारले, तर माणूस कंटाळून फोन ठेवतो. कधीच विचारले नाही, तर तो चुकीच्या बसची वाट पाहत थंडीत उभा राहतो. माझ्या मते या क्षेत्रातील खरी कारागिरी भाषा कळण्यापेक्षा, आपल्याला कळलेले नाही हे वेळेत ओळखण्यात आहे. आपले बोलणे यंत्राने चुकीचे ऐकले, की माणूस मोठ्याने आणि अक्षर तोडून बोलू लागतो. बहिऱ्या आजोबांशी हे चालते. पण नैसर्गिक बोलण्यावर शिकलेल्या यंत्राला असले उच्चार आणखीच अनोळखी वाटतात आणि चूक वाढत जाते.

यावर निघालेला उपाय शहाणपणाचा होता. ऐकलेला एकच अर्थ धरून बसण्याऐवजी प्रणालीने अनेक शक्यता मनाशी ठेवाव्यात आणि प्रत्येकीला वजन द्यावे. '61 डी?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले आणि पुढच्या वेळीही कानाला 'डी'च भासला, तर आधीचा नकार स्मरून 'सी'चे पारडे जड करावे. 2013 साली याच विषयावर संशोधकांची स्पर्धा झाली, तेव्हा तिच्यासाठी 'लेट्स गो'ला आलेल्या खऱ्या फोनांच्या नोंदी वापरल्या गेल्या. आजची भाषा-प्रारूपे, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकून वाक्ये रचणारे संगणकीय कार्यक्रम, ओघवते बोलतात, पण तिकीट काढायचे म्हटले की तारीख लागतेच. उलट त्या सफाईमुळे एखादा रकाना रिकामाच राहिला आहे, हे ऐकणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

(दृश्य : बाजार समितीचे आवार. लिलाव सुरू आहे.)

आपल्याकडे सहा भारतीय भाषांत शेतमालाचे बाजारभाव फोनवर सांगणारी प्रणाली उभारण्याचा प्रकल्प झाला, आणि त्यात मराठी होती. भाव 'अ‍ॅगमार्कनेट' या सरकारी संकेतस्थळावरून घ्यायचे. शेतकऱ्याने सांगायचे ते पीक आणि बाजार. रकाने थोडेच, पण प्रत्येकात महाराष्ट्र भरलेला. विदर्भातील शेतकरी कोथिंबिरीला सांभार म्हणतो, आणि तो शब्द यादीत नसेल, तर पुणेरी कोथिंबीर कितीही अचूक ओळखून त्याला उपयोग नाही. अमरावती जिल्ह्यातून कोणी नुसते 'चांदूर' म्हणाले, तर यंत्राने शब्द बिनचूक ऐकूनही काम अडते, कारण त्या जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे आणि चांदूर रेल्वेही. भाव सांगण्याआधी एकदा विचारावेच लागते : कोणते चांदूर?