कसारा लोकल आणि एक आकडा

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची कसारा लोकल फलाटावर येते.)

दिवा, डोंबिवली, कल्याण. टिटवाळ्यानंतर गर्दी ओसरते. आसनगाव सुटलं की खिडकीत डोंगर येतात. कसाऱ्याला उतरलो तरी आपण ठाणे जिल्ह्यातच. गरिबीच्या जिल्हावार नकाशात या सगळ्या प्रवासाला रंग मात्र एकच.

तो नकाशा बनतो नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकावरून. २०२३च्या अहवालात देशातले १४.९६ टक्के लोक गरीब, महाराष्ट्रातले ७.८१. इथे पगार विचारत नाहीत. पोषण, शाळा, चूल, बँक खातं असे १२ निकष. संडास शेजाऱ्यांसोबत वापरत असाल तर त्या निकषात तुम्ही वंचित. म्हणजे चाळीत वाढलेले आपण सगळे नापास! पण तेवढ्याने कोणी गरीब ठरत नाही, प्रत्येक निकषाला ठरावीक वजन असतं, आणि एकूण वजनाच्या एक तृतीयांश तरी वंचितता लागते.

(दृश्य: भातसा धरण. मग पाड्यावर हंड्यांची रांग.)

पाण्याचा निकष बघा. पाणी भरून परत यायला अर्धा तास लागला, की घर वंचित. तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. घोडबंदरचे टॉवर आणि हे पाडे एकाच बेरजेत येतात, आणि बेरजेत शहरातली माणसं कितीतरी जास्त.

आता गंमत बघा. १ ऑगस्ट २०१४ला जव्हार, मोखाडा, तलासरी पालघर जिल्ह्यात गेले. पण २०१५-१६चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जुन्या, २०११च्या जिल्ह्यांवर झालं, म्हणून तिथली घरं ठाण्यातच मोजली गेली. २०१९-२१ला पालघर वेगळा. निर्देशांक याच दोन सर्वेक्षणांवर उभा. तेव्हा ‘ठाण्यातली गरिबी घटली’ असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या ठाण्यातली? काही खरंच घटली असेल, काही नुसती पालघरच्या खात्यावर गेली.

(दृश्य: वीटभट्टी, धूर.)

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत मोजणारा पाड्यावर आलाच, तर त्याला भेटतं ते कुलूप.