सुनेला सोबत जाऊ द्या

आकाशवाणीच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

मार्च-एप्रिल आला की आपल्या खानदेशातल्या कितीतरी घरांत एकच विषय असतो. मुलगा हवाई दलात आहे आणि त्याची पोस्टिंग आली आहे. कुठं? तेजपूर. नाहीतर जैसलमेर, हासीमारा, सुलूर. नकाशात गाव सापडेपर्यंत घरातल्या मोठ्यांचं ठरूनही गेलेलं असतं: त्यानं जावं, सूनबाई आणि लेकरं इथंच राहतील. लेकरांची शाळा मोडते, तिथं आपलं असं कोण आहे, आणि सीमेकडं कशाला न्यायची बायकापोरं?

मी एका वायुसैनिकाची बायको. माहेर चोपड्याकडचं, सासर अमळनेर तालुक्यातलं. लग्नानंतरची बहुतेक वर्षं हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये गेली. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या घरांतल्या सासू-सासऱ्यांशी. जिथं कुटुंब न्यायची परवानगी आहे, तिथं सुनेला आणि नातवंडांना त्याच्यासोबत जाऊ द्या, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे.

आपल्याकडं फौज म्हटलं की डोळ्यासमोर बर्फातली चौकी येते. हवाई दलाचं स्टेशन बहुतेक ठिकाणी तसं नसतं. ज्या आवारातून विमानं उडतात त्याच्या आत किंवा अगदी जवळ क्वार्टर असतात, केंद्रीय विद्यालय नाहीतर एअर फोर्स स्कूल असतं, दवाखाना, कँटीन, मंदिर, खेळायचं मैदान असतं. माणूस सकाळी हँगरला जातो आणि ड्यूटी संपली की घरी येतो. रात्रीचं फ्लाइंग असलं की उशीर होतो, पण येतो. सून गावी राहिली तर काय उरतं? वायुसैनिकाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची कॅज्युअल रजा असते, आणि ती काही सगळी एकदम आणि मागेल तेव्हा मिळत नाही. म्हणजे उरलेलं सगळं वर्ष लेकरांचा बाप फोनवर, आणि तो मात्र संध्याकाळी रिकाम्या खोलीवर. मिळणारं घर हातचं सोडून हे कशासाठी करायचं?

काही ठिकाणं अशी आहेतच की जिथं कुटुंब नेता येत नाही. तिथं इलाज नाही. अशा वेळी काही ठरावीक स्टेशनांवर कुटुंबासाठी वेगळं क्वार्टर मिळू शकतं, त्याला एसएफए म्हणतात. नातवंडाचं दहावी-बारावीचं वर्ष असेल तर जुन्या ठिकाणचं क्वार्टर काही काळ ठेवायला अर्ज करता येतो. हे दोन्ही मार्ग मुलाला आधी विचारा. बाकी सगळ्या पोस्टिंगला माझं म्हणणं तेच.

आता जायचं कसं, ते.

पोस्टिंग आल्यावर सगळं घर एकदम हलवायची घाई करू नका. आधी त्यानं एकट्यानं जावं, तिथं हजर व्हावं, क्वार्टरच्या वेटिंग लिस्टला नाव लावावं. मोठ्या स्टेशनवर ही यादी काही महिन्यांची असू शकते. तोवर बाहेर भाड्यानं खोली घ्यायची, तर परवानगी लागते. डीसासारखा तळ नव्यानं उभा राहतो आहे. गुजरातेतल्या बनासकांठा जिल्ह्यातल्या या तळाची पायाभरणी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये झाली. अशा ठिकाणी जायची वेळ आली तर राहायची काय सोय झाली आहे हे आधी पक्कं विचारून घ्यावं आणि मगच बायका-पोरांची तिकिटं काढावीत.

क्वार्टर मिळालं की मार्चिंग इन होतं, म्हणजे घर रीतसर ताब्यात घ्यायचं. एमईएसचा, म्हणजे फौजेच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा, माणूस रजिस्टर घेऊन येतो. पंखे किती, नळ किती, खिडकीच्या काचा किती, दाराच्या कड्या किती, सगळं लिहिलेलं असतं आणि खाली सही करायची असते. सूनबाई, ही सही होण्याआधी तू स्वतः प्रत्येक खोलीत फिर. प्रत्येक पंखा लावून बघ, नळ सोडून बघ, मागच्या दाराची कडी ओढून बघ. तडकलेली काच असेल तर ती तडकलेली म्हणूनच लिहून घे. घर सोडताना मार्चिंग आउटला हेच रजिस्टर पुन्हा उघडतं आणि जे कमी भरेल त्याची भरपाई आपल्या खिशातून जाते. पुरुषमाणसं ड्यूटीच्या गडबडीत चटकन सही करून मोकळी होतात. हे काम बाईचंच.

कागदांचं मात्र जास्त मनावर घ्या, कारण तिथं आपल्या चालीरीती आड येतात. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडं पद्धत आहे. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात. पण शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत जुनंच नाव राहतं, आणि पत्रिकेवर बघून नवऱ्यानं ऑफिसात भलतंच कळवलेलं असतं. हवाई दलात लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची नोंद पीओआरमध्ये, म्हणजे ऑफिसच्या अधिकृत नोंदींत, व्हावी लागते. त्या नोंदीवर डिपेंडंट कार्ड, दवाखाना, शाळेचा प्रवेश, पुढं पेन्शनसुद्धा अवलंबून असते. एका अक्षराच्या फरकासाठी बाया गार्डरूमच्या बाहेर लेकरू कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. माझं मत विचाराल तर मुलीचं नाव बदलूच नका. तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलंच असतं. बदलायचंच असेल तर राजपत्रात रीतसर बदला आणि सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा.

शाळेबद्दल आजोबांना वाटणारी काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर आहे. केंद्रीय विद्यालयं याच लोकांसाठी निघाली, केंद्र सरकारच्या बदली होणाऱ्या नोकरदारांच्या मुलांसाठी. प्रवेशात त्यांना पहिला मान आहे, आणि मागच्या 7 वर्षांत किती बदल्या झाल्या तेही बघितलं जातं. एका केंद्रीय विद्यालयातून बदलीचा टीसी घेतला की दुसऱ्या गावच्या केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतो, पुस्तकं तीच, अभ्यासक्रम तोच. शाळा मोडते ती कधी? दोन वर्षं गावच्या मराठी शाळेत, मग एकदम सीबीएसईला, मग पुन्हा गावी, असं केलं तर. तेव्हा मुलाला पहिलीपासून त्या वाटेवर घातलं असेल तर मधेच ओढून गावी आणू नका.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच करावी लागते. या शाळांत आपल्या मुलांना मराठी मिळत नाही. सहा महिन्यांत पोरं हिंदीत भांडायला लागतात. आजी फोनवर विचारते, "काय करी राहिना रे भाऊ?" आणि नातू म्हणतो, "दादी, होमवर्क कर रहा हूँ." आजीचा जीव तुटतो तो इथं, आणि बरोबरच आहे. यावर मी एकच उपाय केला, घरात हिंदीला उत्तर द्यायचं नाही. पोरगं काहीही मागू दे, मराठीत मागेपर्यंत ऐकायचंच नाही. आणि आजीनं फोनवर अहिराणीच बोलायची, नातवासाठी म्हणून हिंदी बोलायला जायचं नाही. देवनागरी त्यांना हिंदीमुळं येतेच, तेव्हा मराठी वाचायला शिकवणं अवघड नाही. रोज रात्री एक पान आईनं वाचून घ्यावं.

आता थोडं आसामबद्दल, कारण त्या बाजूची पोस्टिंग म्हटली की आपल्याकडं रडारडच सुरू होते.

आपण भुसावळ-जळगावचे लोक, मे महिन्यात 45 अंशांत वावरणारे. राजस्थानचं ऊन आपल्याला नवं नाही. आसामात नवा असतो तो पाऊस. एप्रिलपासूनच धरतो. लोखंडी पेट्यांना आतून गंज चढतो, चपलांना बुरशी येते, गोडा मसाला डब्यात ओलसर होतो. बिबडे, कुरडया, पापड तिकडं वाळवायचा विचारही करू नये, आखाजीच्या आधी इथल्या उन्हात करून हवाबंद डब्यात न्यावेत. कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावीत. पण माणसं? तेजपूरला आमच्या घरामागं भाजी विकायला येणारी एक बाई होती. मी केळीच्या मुलखातली आहे हे कळल्यावर तिनं मला घरी नेलं आणि कोलाखार कसा करतात ते दाखवलं. भीमकोल नावाची त्यांची केळी असते, आत काळ्या टणक बिया असलेली. तिच्या साली वाळवायच्या, जाळायच्या, त्या राखेतून पाणी गाळून घ्यायचं. चहाच्या रंगाचं, जिभेला लावलं तर चुरचुरतं. ते पाणी भाजीत आणि डाळीत घालतात. रावेर-यावलकडं साली आणि खांब शेताच्या कडेला टाकून दिलेले बघत मी लहानाची मोठी झाले, आणि तिथं त्याच सालींतून रोजच्या जेवणाची चव निघत होती. मी तिला खापरावरचे मांडे काही करून दाखवू शकले नाही, खापर कुठून आणणार? भरीत मात्र केलं. हिरव्या मिरच्या आणि लसूण खलबत्त्यात कुटून घातलेलं, आपलं असतं तसंच. तिच्या घरात सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं.

हे मी का सांगते? नव्या स्टेशनवर गेलेल्या आपल्या बऱ्याच मुली भिंतीच्या आत बसून राहतात. गाणी, फोन, गावाकडचे व्हिडिओ आणि तीन वर्षं कधी संपतात याची वाट. त्या मुलींना सांगणं, की बाहेर पडा. स्टेशनवर पत्नींची संघटना असते, आफवा म्हणतात तिला, तिच्या कार्यक्रमांना जा. बीएड झालं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये केंद्रीय विद्यालयं कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती घेतात, तिथं अर्ज करा. घरात विशेष मूल असेल तर आफवाच्या उमीद शाळा काही स्टेशनांवर आहेत. पोस्टिंग ठरताना ही अडचण लेखी कळवायला लाजू नका.

आवाजाचं विचारतात सगळे. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की पहिले काही दिवस खिडक्या थरथरतात आणि तान्हं बाळ दचकून रडतं. मग सवय होते. कचऱ्याचे नियम फार कडक असतात, आणि ते पटण्यासारखे आहेत. उघड्यावर उष्टं-खरकटं टाकलं की घारी-गिधाडं येतात, आणि पक्षी इंजिनात शिरला तर विमानासकट वैमानिकाचा जीव धोक्यात. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर घाण टाकायला म्हणूनच कायद्यानं बंदी आहे. फोटोंचंही तसंच. घराच्या गच्चीवरून विमान कितीही छान दिसू दे, त्याचा फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. आणि मामा-काकांनीही तो मागायचा नाही. कुठलं विमान, किती विमानं, साहेब सध्या कुठं गेलेत, हे प्रश्न फोनवर विचारू नयेत.

राहिली भीती. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला, 2025 च्या मे महिन्यात पश्चिमेकडच्या सीमाभागात रात्री दिवे बंद ठेवावे लागले. तेव्हा इथल्या आयांनी पदर तोंडाला लावून बातम्या बघितल्या, हे मला ठाऊक आहे. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण स्टेशनवर सायरन वाजला की काय करायचं याचा सराव असतो, कुटुंबांना काय सांगायचं, कधी हलवायचं हे ठरवणारी माणसं असतात. आणि त्या रात्री आपला माणूस कामावर असला तरी शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईचा माणूसही कामावरच असतो. त्या बाया एकमेकींना धरून असतात. गावात एकटी बसून टीव्ही बघणाऱ्या सुनेला ते मिळत नाही.

कानबाईच्या सणाचं काय, असं एका आजीनं मला विचारलं होतं. श्रावणातल्या त्या रविवारी सगळी भाऊबंदकी एकत्र यायची, सून नसली तर कसं? रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजताना लांब असलेल्यांचंही नाव घ्या, आणि जमेल त्या वर्षी रजा टाकून त्यांना यायला सांगा. सगळ्या वर्षी जमणार नाही. ते समजून घेणं आपल्या हातात आहे.

आणि तुम्हीही जा की. आईवडील सरकारी नियमात अवलंबून म्हणून नोंदलेले असतील तर त्यांना तिथल्या दवाखान्याचा लाभ मिळतो, तेव्हा मुलाला ती नोंद करायला लावा. मुंबईहून गुवाहाटीकडं जाणारी गाडी भुसावळवरून जाते, आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. आसामात जायचं तर नोव्हेंबरात जा, तेव्हा पाऊस थांबलेला असतो, पण स्वेटर घ्या. निघण्याआधी मुलाला तारीख कळवा म्हणजे तो गार्डरूमला पास करून ठेवेल, आणि आधार कार्ड पेटीत तळाशी न ठेवता हाताशी असू द्या. जाताना कळण्याचं पीठ आणि वाळवलेली मिरची न्यायला विसरू नका. तिकडं नातवाला शेवभाजी मिळत नाही, तेव्हा थोडी तिखट शेवही बांधून घ्या.

नमस्कार.