झटक्याचं वय

(सिंधुदुर्गात दिलेल्या एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाळाला आकडी आली की घरातून पहिला प्रश्न येतो तो हा: "कालपर्यंत चांगलं खेळत होतं, मग आजच काय झालं?" वेंगुर्ल्याचं घर असो की देवगडचं, प्रश्न बदलत नाही. मग सगळं घर मागच्या चार दिवसांत कारण शोधत बसतं. लस कधी दिली, कुणाची नजर लागली, तिन्हीसांजेला बाळाला बाहेर कुणी नेलं, आईनं काय खाल्लं. कुणी भगताकडे जातं, कुणी देवाला कौल लावतं. मला आज सांगायचंय ते असं की कारण बहुतेक वेळा त्या चार दिवसांत सापडतच नाही. ते मेंदूच्या घडणीत असतं, कित्येकदा जन्माच्याही आधीपासूनचं, आणि मेंदू एका ठरावीक वयाला पोचला की बाहेर येतं.

ही घडण कशी होते ते आधी पाहू. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या मेंदूच्या बाह्यपटलातल्या बहुतेक पेशी बाळ पोटात असताना, गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात जन्मतात. त्या जन्मतात मेंदूच्या अगदी आत, पोकळ्यांच्या कडेला, आणि तिथून लांबच लांब तंतूंच्या आधारानं वर सरकत पृष्ठभागाकडे येतात. आधी आलेल्या खालच्या थरात थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. असे सहा थर लागतात. बाकीच्यांना शांत ठेवणाऱ्या, म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी मात्र वेगळ्याच ठिकाणी, मेंदूच्या तळाकडच्या भागात जन्मतात आणि आडव्या वाटेनं प्रवास करून या थरांत येऊन मिसळतात. मला हा प्रवास नेहमीच थक्क करतो. एवढ्या पेशींपैकी काही मधेच अडकल्या, तर त्यांचा पुंजका नको त्या जागी राहून जातो. मूल जन्मतं, हसतं, चालतं, शाळेत जातं, आणि कधी दहाव्या-बाराव्या वर्षी त्या पुंजक्यातून पहिला झटका उठतो. आई तेव्हा कालचा दिवस आठवत असते, आणि चूक घडलेली असते पोटातल्या चौथ्या-पाचव्या महिन्यात, कुणाच्याही हातून नव्हे.

झटका म्हणजे काय? एरवी मेंदूतल्या पेशी आपापल्या कामाप्रमाणे आगेमागे बोलतात. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं एका आवाजावर एकदम जोर लावतात, तसा हजारो पेशींनी एकाच क्षणी जोर लावला की झटका येतो. हे होऊ नये म्हणून काही पेशी गाबा नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना आवर घालतात.

आता इथे एक नवल आहे. पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये नवजात उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांतून दाखवलं की कोवळ्या मेंदूत हेच गाबा आवर घालत नाही, उलट पेशींना चेतवतं. कारण त्या वयात पेशीच्या आत क्लोराइड, म्हणजे मिठातला एक विद्युतभारित कण, जास्त असतं. पुढे क्लोराइड बाहेर टाकणारी यंत्रणा वाढते आणि गाबा आपलं आवरण्याचं काम करू लागतं. यात निसर्गाची चूक नाही. पेशी चेतल्या तरच त्या एकमेकींशी जोडल्या जातात, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी चेतणं गरजेचंच असतं. पण त्याची किंमत अशी की नवजात मेंदू झटक्यांना फार लवकर बळी पडतो, आणि गाबाच्या वाटेनं काम करणारं फिनोबार्बिटोन हे आपलं नेहमीचं औषध नवजात बाळात अनेकदा अपुरं पडतं. क्लोराइड आत घेणारी यंत्रणा रोखणारं एक मूत्रल औषध यावर लागू पडेल अशी मोठी आशा होती. युरोपातल्या चाचणीत त्याचा गुण दिसला नाही आणि काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला, म्हणून ती थांबवावी लागली. प्रयोगशाळेत यंत्रणा कळली म्हणजे दवाखान्यात औषध मिळालं असं होत नाही.

दुसरं उदाहरण ड्रावे सिंड्रोमचं. शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी 1978 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पाच ते आठ महिन्यांचं निरोगी बाळ, अंगात ताप, आणि लांबलेला झटका, पुष्कळदा शरीराच्या एकाच बाजूला. आपल्याकडे न्हाणीघरात चुलीवरच्या कढत पाण्यानं बाळाला न्हाऊ घालतात. या मुलांना तेवढ्या उष्णतेनंही झटका येऊ शकतो. 2001 मध्ये कारण सापडलं: एससीएन1ए या जनुकातला बदल. हे जनुक पेशीतल्या एका सोडियम चॅनेलची, म्हणजे सोडियमला पेशीत येऊ देणाऱ्या दाराची, घडण ठरवतं, आणि 2006 मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की त्या चॅनेलवर सर्वांत जास्त विसंबून असतात त्या आवर घालणाऱ्या पेशी. जन्मापूर्वी आणि जन्मानंतर लगेच दुसऱ्या एका जातीचं चॅनेल काम भागवतं. काही महिन्यांत ते कमी होतं, या चॅनेलची पाळी येते, आणि दोष उघडा पडतो. म्हणून पाच महिने बाळ ठीक असतं.

याच आजारानं एक जुनं भांडणही मिटवलं. लसीनंतर ताप आला, फिट आली, मग मूल मागे पडत गेलं, तेव्हा लसीनंच मेंदू बिघडवला, असं जगभर म्हटलं जात होतं. ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बर्कोविच यांच्या गटानं 2006 मध्ये अशी 14 मुलं तपासली. त्यातल्या 11 जणांत एससीएन1एचा बदल निघाला. लसीच्या तापानं पहिला झटका थोडा आधी आला असेल, पण दोष आधीपासूनच होता. आणि हा बदल बहुतेक वेळा नव्यानं घडलेला असतो, आईकडून आलेला नसतो, वडिलांकडूनही नाही. "हिच्या माहेराकडून आलां" असं ज्या सुनेला ऐकावं लागतं तिच्यासाठी हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगतो.

निदान का हवं, तेही यातच आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियम चॅनेल रोखतात. इतर कित्येक मुलांना ती वरदान आहेत. ड्रावेच्या मुलाला मात्र त्यांनी झटके वाढू शकतात. आधीच कमजोर असलेल्या आवरणाऱ्या पेशी आणखी कमजोर होतात.

शाळेच्या वयातले दोन प्रकार थोडक्यात सांगतो. चार ते दहा वर्षांचं मूल बोलता बोलता काही सेकंद थांबतं, नजर स्थिर होते, आणि पुन्हा काही झालंच नाही असं वागतं. थॅलॅमस हा मेंदूच्या आतला भाग आणि बाह्यपटल यांच्यातल्या वर्तुळात सेकंदाला तीनच्या सुमारास लहरी फिरत असतात. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या लहरींच्या आलेखावर, ते स्पष्ट दिसतं. बाई मात्र "वर्गात लक्ष नाही" म्हणून ओरडतात. दुसऱ्या प्रकारात झोपेत तोंडाची एक बाजू वाकडी होते, लाळ गळते, बोलता येत नाही. हे झटके पौगंडावस्थेपर्यंत सहसा थांबतात. ज्या वयानं आणले तेच वय पुढे सरकून त्यांना घेऊन जातं.

पण ज्यासाठी मी आज इथवर आलो तो आजार वेगळा. इंग्लंडमधल्या विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरनं 1841 मध्ये 'द लॅन्सेट'ला एक पत्र लिहिलं. रुग्ण होता त्याचा स्वतःचा मुलगा. बाळ सुमारे चार महिन्यांचं असताना मान खाली टाकू लागलं, पुढे पुढे सगळं अंग वाकू लागलं, एकामागून एक, ओळीनं. जळवा लावून झाल्या, अफू देऊन झाली. बापानं सगळं करून पाहिलं आणि शेवटी कुणाला काही माहीत असेल तर सांगा म्हणून हात पसरले. आज त्या आजाराला त्याच्याच नावानं वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

हे झटके बहुधा चार ते सात महिन्यांच्या दरम्यान सुरू होतात, कदाचित त्या वेळी मेंदूत जोडण्या झपाट्यानं वाढत असतात आणि मोठी वर्तुळं पहिल्यांदा जुळत असतात म्हणून. जन्मताना गुदमरणं, पहिल्या दिवसांत साखर उतरणं, जन्मजात दोष, जनुकातला बदल, सुरुवात कुठूनही झालेली असो, त्या वयातला मेंदू उत्तर याच रूपात देतो. आपल्या देशात यातली पहिली दोन कारणं फार दिसतात, आणि ती पुष्कळ अंशी टाळता येतात. बाळ कमी वजनाचं असेल तर मध चाटवत, मुहूर्त बघत थांबू नका. पहिल्या तासात अंगावर पाजा, आणि सुस्त वाटलं तर साखर तपासून घ्या.

झटका दिसतो कसा? बाळ झोपून उठतं आणि एक-दोन सेकंद दोन्ही हात उघडून मान पुढे टाकतं. मग थांबतं, पुन्हा तसंच. असं दहा, वीस, तीस वेळा. कधी मधेच रडतं. आजी म्हणते, "पोटात कळ येता त्येच्या." शेजारीण म्हणते, दचकतंय. डॉक्टरांपुढे नेईपर्यंत ते थांबलेलं असतं, मग पोटदुखीचे थेंब मिळतात. यात महिने जातात. या काळात मेंदूतल्या लहरी इतक्या विस्कटलेल्या असतात की नवं काही शिकणं बंद होतं. हसणारं मूल हसायचं थांबतं, नजर देत नाही. प्रेडनिसोलोन, एसीटीएच, व्हिगाबॅट्रिन ही औषधं आहेत. त्यांचे त्रासही आहेत, डॉक्टर ते सांगतील. पण उपचार जितका लवकर, तितकं मूल सावरण्याची शक्यता जास्त.

म्हणून आशाताई, अंगणवाडीच्या ताई, तुम्हाला विनंती. ओळीनं येणारी अशी हालचाल दिसली की आईला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, बाळाचं तोंड आणि दोन्ही हात दिसतील असा. तो त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि झोपेतला ईईजी कुठे होईल ते विचारा. सुरू केलेलं औषध मनानं बंद करू देऊ नका. आणि वडील गणपतीला मुंबईहून आले की मग नेऊ, असं घरात ठरत असेल, तर तुम्ही स्वतः त्यांना फोन लावा आणि बाळाला उद्याच्या गाडीनं घेऊन जायला सांगा.