प्लास्टर निघाल्यानंतरचे हाड

पायाचे प्लास्टर निघते तेव्हा सर्वांची नजर बारीक झालेल्या पोटरीवर जाते. त्याच काळात आतले नडगीचे हाडही विरळ झालेले असते. मात्र बरेच खनिज निघून गेल्याखेरीज ही झीज साध्या एक्स-रेवर दिसत नाही.

हाडाच्या घट्ट द्रव्यात अस्थिपेशी रुतून बसलेल्या असतात आणि अतिसूक्ष्म नलिकांनी परस्परांशी जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड किंचित वाकते, नलिकांमधला द्रव सरकतो आणि त्या सरकण्यातून या पेशींना भाराची जाणीव होते. भार थांबला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात, आणि हे प्रथिन नवे हाड घडवणाऱ्या पेशींना आवर घालते. हाड विरघळवणाऱ्या पेशींचे काम मात्र वाढते. हाडाची अंतर्रचना भारानुसार बदलते, हे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी 1892 मध्येच ग्रंथरूपाने मांडले होते.

या झिजेचा वेग अंतराळवीरांमुळे नेमका मोजता आला. पुरेशा व्यायामाविना वजनरहित अवस्थेत राहिल्यास खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2008 मध्ये जोरदार प्रतिरोध देणारे व्यायामयंत्र बसवण्यात आले. तरीही 17 अंतराळवीरांच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पृथ्वीवर परतून वर्ष उलटल्यावरही निम्म्याहून अधिक जणांच्या नडगीची घनता पूर्ववत झालेली नव्हती.

हाड इतके सावकाश का भरते? झिजलेला कण काढून टाकायला काही आठवडे पुरतात, पण त्या जागी नवे हाड भरायला तीन ते चार महिने लागतात आणि त्यात खनिज पुरते साठायला त्याहून अधिक काळ जातो. स्नायूंची ताकद तुलनेने लवकर परतते, आणि खरा धोका इथेच आहे, कारण पायात बळ आल्यासारखे वाटते तेव्हा आतले हाड अजून त्या बळाच्या तोलाचे झालेले नसते. म्हणून सुरुवातीला कुबड्यांच्या आधाराने थोडेच वजन टाकायचे, मग पूर्ण वजनावर चालायचे, पुढे टाचा उचलणे, जिना चढणे आणि शेवटी वजन घेऊन केलेले व्यायाम, अशी चढती वाट फिजिओथेरपिस्ट आखून देतात.

नुसते उभे राहण्यापेक्षा कमी-अधिक होणारा भार हाडाला अधिक जागे करतो. प्राण्यांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की सलग भार मिळत राहिल्यास अस्थिपेशींचा प्रतिसाद थोड्याच आवर्तनांनंतर मंदावतो आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर तो परततो. त्यामुळे एकदाच तासभर दमण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा व्यायाम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पोहण्याने सांधे मोकळे होतात, पण पाणी शरीराचे वजन पेलत असल्याने पायाच्या हाडाला हवा तेवढा भार मिळत नाही. आहारातील प्रथिने, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची जोड हवीच, कारण त्यांच्याविना नवे हाड रचायला सामग्रीच नसते.

घरातल्या वृद्धांच्या बाबतीत माया आणि काळजी यांची गल्लत होते. आजीचा खुबा मोडला की सारे घर तिला हलू देत नाही. पण शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकांची हरकत नसेल, तर तिला दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करणे हिताचे असते. व्यायामानंतरचा थोडा ठणका अपेक्षित आहे. मात्र मोडलेल्या जागी दुखणे वाढत गेले किंवा सूज आली, तर भार कमी करून डॉक्टरांना लगेच दाखवावे.